दादांनी नाकारलेला गोल

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शिसारी फार लवकर यायची. दुधावरची साय, लग्नातला ऑर्केस्ट्रा, वाढदिवसाला तोंडाला फासलेला केक, सत्कारातले हार आणि 'आपलाच माणूस आहे' असं म्हणत खांद्यावर पडणारा हात, या सगळ्यांसाठी त्यांच्याकडं एकच शब्द होता, "छ्या!" शहराच्या नावावरून चौकाचौकात वाद पेटले तेव्हा दोन्हीकडच्या लोकांना त्यांनी सांगितलं होतं, "नाव कायबी ठिवा, नळाला पाणी कवा सोडता ते सांगा." वाळूजच्या एका कारखान्यात ते तपासणीला होते. पट्ट्यावरून येणारे सुटे भाग हातात घेऊन बघायचे आणि खोट दिसली की बाजूला टाकायचे. दिवसभर तेच काम केल्यावर घरी येऊन ते वेगळे कसे वागणार? मैदानावरची पोरं त्यांना पाठीमागं 'छ्यादादा' म्हणायची.

अशा या माणसाचा जीव फुटबॉलवर होता. पण तो त्यांनी कधी कौतुकाच्या शब्दांत बोलून दाखवला नाही. टीव्हीवर सामना लागला की आम्ही दोघं जमिनीवर बसायचो, आणि त्यांची तक्रार सुरू व्हायची. एखाद्या खेळाडूला नुसता वारा लागावा आणि त्यानं पाय धरून गवतावर गडाबडा लोळावं, असं दिसलं की दादा उठून सरळ टीव्ही बंद करायचे. "सोंगं बघायला बसलो का आपुन?" मग बराच वेळ आम्ही काळ्या पडद्यापुढं गप्प बसून राहायचो. त्यांच्या मते ही शिक्षा त्या खेळाडूला होती. जगातले एकाहून एक सरस गोल आमच्या घरी टीव्ही बंद असताना झाले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोरं त्या गोलांची वर्णनं करायची आणि मी जाणकारासारखी मान हलवायची.

खरं तर आमच्या घराण्याचा आणि फुटबॉलचा काडीचा संबंध नव्हता. सिल्लोडकडं आमचं गाव. मका, कपाशी आणि जत्रेतली कुस्ती यापलीकडं गावाला काही ठाऊक नव्हतं. दादा नोकरीसाठी शहरात आले, गारखेड्यात राहिले, आणि कारखान्यात त्यांना रशीदचाचा भेटले. चाचा छावणीतले. लष्करामुळं छावणीत फुटबॉल जुना. ते दादांना एका सुटीच्या दिवशी सामना बघायला घेऊन गेले तेव्हा दादा म्हणाले होते, "पायानं ढोरं हाकलतेत, खेळ कुठं खेळतेत?" नाकाला रुमाल लावून ते धुळीत उभे राहिले आणि सामना संपल्यावर तसेच निघून गेले. पुढच्या रविवारी चाचा मैदानावर पोचले तर दादा त्यांच्या आधी येऊन उभे. ही गोष्ट मला चाचांनीच सांगितली. दादांनी ती कधी कबूल केली नाही.

मी थोडी उंच झाले तशी त्यांनी मला गोलात उभं केलं. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर दोन विटा ठेवायच्या आणि मी त्यांच्यामध्ये. पहिल्यांदा माझ्या पायांतून बॉल गेला तेव्हा मी रडायला लागले. दादा जागचे हलले नाहीत. "आधी बॉल आणून दे, मग रड," म्हणाले. बॉल बाभळीत गेला होता. तो काढून आणेपर्यंत रडायचं राहूनच गेलं. एकदा गावाकडून मोठे काका आले, आणि पुतणी हाफपँट घालून मातीत लोळते आहे हे बघून त्यांच्या घशाखाली घास उतरेना. उद्या स्थळं यायची, गुडघ्यांवर हे असे डाग, अशी त्यांची कुरकुर चालू झाली. दादांनी भाकरी ताटात ठेवली आणि म्हणाले, "गुडघे बघून माघारी जानारा मला पाव्हना म्हून बी दारात नको." काका जेवण अर्धं टाकून उठले. आई पुढं कितीतरी दिवस त्या अर्ध्या भाकरीबद्दल बोलत होती.

दादा स्वतःही आपल्या विभागाच्या संघातून खेळायला लागले होते; गुडघेदुखीनं ते खेळणं सुटलं तसे रेफ्री झाले. वाळूजच्या कारखान्यांच्या संघांची दर वर्षी रविवारी-रविवारी स्पर्धा व्हायची. तिथं सामन्यापेक्षा दादांना बघायला जास्त लोक येत असत. पाहुण्यांनी मैदानाच्या मधोमध नारळ फोडायचा रिवाज होता. दादांना तो बिलकूल खपायचा नाही. निम्मी पोरं अनवाणी खेळायची. पाहुण्यांचं भाषण चालू असताना दादा त्यांच्या पायाशी उकिडवे बसून करवंटीचे तुकडे वेचत राहायचे. सगळे वेचून झाल्याशिवाय शिट्टी नाही. एकदा एका पाहुण्यानं नको तेवढ्या जोरात नारळ आपटला. त्याला दादांनी अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा हातात देऊन तो घरी घेऊन जायला सांगितलं. त्या पाहुण्याचा चेहरा आठवला की मला अजून बरं वाटतं.

त्या मैदानावर बाजूला झेंडे घेऊन उभे राहणारे पंच नसत. सगळा न्याय एकट्या दादांचा. त्यामुळं त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. आपल्याला नीट दिसलं नाही असं वाटलं की ते थेट खेळाडूलाच विचारायचे, आणि त्यानं गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली की ती मान्य. मग कुणी कितीही ओरडो. खोट्या शपथा घेणारे नग तिथं कमी नव्हते, आणि दादांना ते कळत नव्हतं असंही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खोटं बोलला तर ते त्याच्या गळ्यापाशी राहीन. माझ्या शिट्टीपाशी येत नाय." इतरांना यात गंमत वाटायची. मला मात्र एवढ्या खडूस माणसानं कुणाच्याही शपथेवर विश्वास ठेवावा याचं नवल वाटायचं.

रशीदचाचा या स्पर्धेत दुसऱ्या एका संघाकडून खेळायचे. कारखाना तोच, विभाग वेगळे, त्यामुळं संघ वेगळे. कारखान्याची बस गारखेड्याहून निघायची आणि छावणीवरून वाळूजला जायची. दादा आधी चढायचे आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवायचे. छावणीला चाचा चढले की रुमाल उचलून दादांच्या हातात द्यायचे आणि बसायचे. वाळूज येईपर्यंत दोघं मिळून जगाला नावं ठेवायचे. चाचांची शिसारी दादांच्या तोडीस तोड होती, फक्त ती दखनीत असायची. आई म्हणायची, या दोघांना एकाच मुशीतून काढून देवानं वेगवेगळ्या घरी पाठवलं.

मग ती अंतिम फेरी आली. चाचांचं वय झालं होतं, पण संघात दुसरा कुणी उंच नव्हता. सामना बरोबरीत, वेळ संपत आलेली, आणि त्यांच्या संघाला कॉर्नर मिळाला. मी आईबरोबर रेषेजवळ बसले होते. बॉल आला, पाच-सहा जण एकदम उडाले, धुळीचा लोट उठला, आणि बॉल जाळीत. चाचांचा गोल. लोक मैदानात धावले. तेवढ्यात दादांची शिट्टी वाजली आणि त्यांनी हात दाखवला. हाताला लागलाय, गोल नाही.

चाचा धावत आले. त्यांनी गळ्याला चिमटा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अम्मी की कसम, दिगंबर. सीने को लगा." आता दादा नेहमीप्रमाणं मान डोलावतील म्हणून सगळे थांबले. दादा चाचांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"नाय," ते म्हणाले.

"सब की कसम चलती, मेरी नै चलती?"

"तुझी नाय चालत."

चाचांनी तिथंच बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणी मैदानाबाहेर गेले. सामना पुढं पेनल्टीवर गेला आणि त्यांचा संघ हरला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

हा अबोला कित्येक वर्षं चालला. आणि तोही कसा, तर बसमधला रुमाल चालूच राहिला. दादा जागा धरायचे, चाचा रुमाल उचलून त्यांच्या हातात द्यायचे, शेजारी बसायचे, आणि वाळूजपर्यंत दोघं दोन दिशांना बघायचे. त्या बसनं मी कधीमधी जायचे तेव्हा हा प्रकार बघून मला अक्षरशः किळस यायची. एकानं तरी जागा बदलावी ना? पण नाही. उठून दुसरीकडं बसला तो हरला, असा काहीतरी हिशेब असावा. ईदेचा शीरखुर्मा आमच्याकडं येत राहिला आणि आमचा फराळ छावणीत जात राहिला, कारण ते खातं बायकांकडं होतं. शीरखुर्मा दादा सगळ्यांच्या आधी खायचे, आणि कोणाच्या घरचा आहे ते विचारायचे नाहीत.

या भांडणाचा वास लागून एक दिवस आमच्या गावाकडचा एक कार्यकर्ता घरी आला. कपाळाला भलामोठा टिळा, बोटांत अंगठ्या, मोबाइल दोन. अशा माणसांना कुठल्या गल्लीत काय नासलंय ते आधी कळतं. चहा घेता घेता तो म्हणाला की दादा, तुमच्यावर अन्याय झाला, खोटी शपथ घ्यायला 'ते' कधी कचरत नाहीत, आपण हा विषय उचलू. दादांनी विचारलं, 'ते' म्हणजे कोण? त्यानं सांगितलं. दादांनी त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला, मोरीत ओतला आणि दार उघडून उभे राहिले. "रशीद खोटं बोलला. एकला बोलला. त्याच्यात तुमी वाटा मागू नका." तो गेल्यावर त्यांनी कप दोनदा घासला. पुढं चाचींकडून कळलं की छावणीतही असाच एक जण चाचांकडं गेला होता, आपल्या माणसाच्या शपथेला किंमत नाही का, असं विचारत. चाचांनी त्याला सांगितलं, "झगडा मेरा है. तेरेकू उसमें से कुच नै मिलता." हे मी दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

दोघं निवृत्त झाले. बस संपली, तसं रोजचं शेजारी बसणंही संपलं. आणि मग दादांच्या फुप्फुसांनी दगा दिला.

दवाखान्याचे ते दिवस मला आठवायला नको वाटतात. फिनेलचा वास, आणि त्याहून उग्र अशी भेटायला येणारी माणसं. नाकात नळी असलेल्या माणसाला वाकून विचारायचे, "ओळखलं का मला?" दादा डोळे मिटून घ्यायचे. एका दूरच्या मामेभावानं तर त्यांच्या उशाशी उभं राहून स्वतःचा फोटो काढला. मी त्याला खोलीबाहेर काढलं तेव्हा दादांनी डोळे उघडून समाधानानं माझ्याकडं बघितलं.

बाहेर बाकड्यावर रोज रशीदचाचा येऊन बसायचे. आत यायचे नाहीत. दादांना कसं कळायचं कोण जाणे, पण दुपारी ते विचारायचे, "आलाय का त्यो?" मी हो म्हणाले की म्हणायचे, "छ्या. घरी जा म्हनावं. गुडघे दुखतेत त्याचे." मी बाहेर जाऊन सांगायची. चाचा म्हणायचे, "बोल उसकू, मैं दुसरे पेशंट कू देखने आया." पुन्हा मी आत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. आणि ही दोन म्हातारी माणसं एका भिंतीच्या दोन बाजूंना हट्ट धरून बसलेली. असेच न बोलता दादा गेले तर चाचांचं पुढं काय होईल, याची मला धास्ती वाटायची. वरून राग यायचा तो वेगळाच.

शेवटी एका दुपारी माझा संयम संपला. चाचांची बाही धरून मी म्हणाले, "चाचा, मला वीट आलाय तुम्हा दोघांचा. आत चला, नाहीतर उद्यापासून येऊ नका." चाचा उठले आणि माझ्या मागून आत आले.

पलंगाच्या पायथ्याशी ते उभे राहिले. दादा त्यांच्याकडं बघत होते. चाचांनी घसा साफ केला, खिडकीकडं बघितलं, आणि म्हणाले, "लगा था, दिगंबर. हात को लगा था."

मला वाटलं, झालं. इतकी वर्षं दादांचंच बरोबर होतं, आता त्यांना शांत वाटेल. दादांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. मी तो परत लावायला गेले तर माझा हात ढकलला.

"मी बघितलंच नवतं," ते म्हणाले.

चाचा खिडकीकडून त्यांच्याकडं वळले.

"डोळ्यात धूळ गेल्ती. बॉल कुठं लागला, मला कायबी दिसलं नाय."

"तो फिर शिट्टी कायको मारी?"

"तुझं तोंड बघितलं," दादा म्हणाले. मधे दम लागला, थांबले. "गोल झाला की तू आभाळाकडं बघतू. त्या दिशी तू माझ्याकडं बघितलं."

चाचा पलंगाच्या कडेवर बसले. दादा म्हणाले, बाकीच्यांची तोंडं मला कुठं कळत व्हती, म्हून त्यांच्या शपथा चालायच्या. "तुझं कळत व्हतं. कळत असून तू शपथ घेतली, त्याची शिसारी आली मला." चाचांनी त्यांना एक सणसणीत शिवी दिली. मग म्हणाले, हे तेव्हाच सांगता येत नव्हतं का? दादा म्हणाले, तू तरी कुठं सांगितलं.

मला त्या क्षणी दोघांचीही शिसारी आली, हे मी लपवणार नाही. एकानं खोटी शपथ घेतली होती, दुसऱ्यानं न बघता निकाल दिला होता, आणि या एवढ्याशा गोष्टीवर दोन माणसांच्या आयुष्यातली चांगली वर्षं मातीत गेली. मी भांडायला तोंड उघडलं आणि रडायला लागले. दोघांपैकी कुणीही माझ्याकडं लक्ष दिलं नाही. ते कारखान्याच्या कँटीनमधल्या आमटीबद्दल बोलायला लागले होते. तिच्यात काय काय सापडायचं याची उजळणी चालली होती, आणि दादांना इतक्या दिवसांत प्रथमच हसताना खोकला आला. नर्सनं येऊन चाचांना बाहेर जायला सांगितलं. दादा तिला म्हणाले, "बसू द्या, घरचा हाये."

चाचा पुढचे दिवस आतच बसले. एका सकाळी दादा गेले. चाचा तेव्हा त्यांच्या पायांना तेल लावत होते.

त्यानंतर जे झालं ते बघायला दादा नव्हते, एवढंच बरं. चहा मोरीत ओतून ज्याला हाकललं होतं, त्याच कार्यकर्त्यानं गारखेड्याच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. मधोमध त्याचे जोडलेले हात, वर त्याच्या नेत्यांची रांग, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढे दादा. नावापुढं 'फुटबॉलमहर्षी'. मी चाचांना फोन केला. ते रिक्षानं आले, बरोबर सुरी घेऊन. भर चौकात दोऱ्या कापून त्यांनी तो फ्लेक्स खाली उतरवला. कुणीतरी विचारलं, कुणाच्या परवानगीनं? चाचा म्हणाले, "जिसका फोटो है उसकी." मग त्यांनी दादांचा कोपरा तेवढा कापून खिशात ठेवला आणि उरलेला फ्लेक्स तिथंच सोडून दिला.

दहाव्याच्या दिवशी घरात पंगती उठत होत्या. गावाकडचे लोक वाढपी मंडळींना हाका मारत होते, आणखी भात आणा, आणखी वरण आणा. ज्यांना दादा जिवंतपणी दारात उभं करत नव्हते, ते मांड्या ठोकून जेवत होते. मला कुणाचंही तोंड बघवत नव्हतं. चाचा सकाळपासून दाराशी उभे होते. सगळ्यांच्या चपला त्यांनी एका बाजूला सरकवून वाट मोकळी केली होती. आईनं येऊन विचारलं, रशीदभाऊ, जेवलात का?

"हौ भाभी, खाके आया मैं," ते म्हणाले.

आईला ते खरं वाटलं. ती आत गेली. मी तिथंच उभी राहिले आणि चाचांच्या तोंडाकडं बघायला लागले. नीट बघितलं, बराच वेळ बघितलं. दाढी वाढलेली, डोळे लाल, ओठ कोरडे. खरं बोलत होते की खोटं, मला काही केल्या कळेना. चाचाही माझ्याकडं बघत वाट पाहत होते.

"नै कळत ना तेरेकू," ते शेवटी म्हणाले, आणि चपला पायात घालून निघून गेले.